दीड सूत

भंगारवाल्या मौलालीनं गोणपाट बाजूला केलं तेव्हा
खाली एक वाकलेली फ्रेम होती,
क्रँककेस, आणि एक चाक, तेही अर्ध्याच तारांचं.
वजनावर घेतलं. एकोणसाठ किलो.
कार्ब्युरेटरच्या तोंडात कुंभारमाशीनं घर बांधलेलं,
ती मातीही त्यानं काट्यावर धरली.

हिचे सुटे भाग मिळत नाहीत.
म्हणजे मिळतात, पुण्यात एका माणसाकडे,
तो फोनवर आधी किंमत सांगतो
आणि मग नाव विचारतो.
म्हटलं राहू दे. घरी लेथ आहे.

लेथ बापाचा. माग विकले तेव्हा
तेवढाच राहिला, उचलायला कुणी आलं नाही म्हणून.
अशोक चौकामागचं पत्र्याचं शेड,
मे महिन्यात दुपारी चकला हात लावता येत नाही.
आम्ही रात्री काम करायचो.

मागाचा एक शाफ्ट कोपऱ्यात उभा होता,
त्यातून किकचा आस काढला.
चाळीस वर्षं चादरी विणलेलं लोखंड,
वरचा गंज गेला आणि आतून कोवळं निघालं,
निळी कात टाकत गेलं माझ्या पायाशी.

टाकीला अठरा गेजचा पत्रा.
वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडा, एकवीस रात्री.
शेजारच्या यल्लम्मा कोंड्यालनं
तिसऱ्या रात्री शिव्या दिल्या, दहाव्या रात्री चहा पाठवला,
विसाव्या रात्री स्वतः आली
आणि म्हणाली, डावी बाजू पोटुशी दिसतेय.
दिसत होती.

गॅस्केट आईनं कापलं, विडीच्या कात्रीनं.
दिवसाला हजार पानं कापणारी बोटं
पुठ्ठा चिमटीत धरून म्हणाली, हा जाड आहे.
मी मायक्रोमीटर लावला.
मग दुसरा पुठ्ठा आणला.

बापाला ऐकू येत नाही.
एका छपराखाली बत्तीस माग, त्यांनी नेले कान.
सूत म्हणजे त्याच्याकडे दोन गोष्टी:
इंचाचा आठवा भाग,
आणि तुटलं की माग थांबवून
थुंकी लावून ज्याला गाठ मारायची, ते.
कुठलं म्हणतोय ते शब्दावरून कळत नाही,
हाताकडे बघावं लागतं.

एके रात्री जुन्या कोनातलं लाल सूत घेऊन आला.
मागच्या चाकाला एक टोक धरायला लावलं,
दुसरं ताणत पुढं नेलं,
गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला.
दीड सूत, म्हणाला.
चार महिने मी जी फ्रेम सरळ समजत होतो ती.
सगळं पुन्हा खोललं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही,
त्याला ते कळलंच नाही बहुतेक.

मग ती चालू झाली.
सतराव्या किकला, पोटरीवर निळा डाग देऊन.
बाप खाली बसला,
पेचकसाचं टोक क्रँककेसला टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे बंद. गालाची कातडी थरथरत होती.
मी त्याला असं काही ऐकताना
लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.
आगु, म्हणाला. थांब.
आणि डाव्या बेअरिंगकडे बोट केलं.

होटगी रस्त्यावर अकरा किलोमीटर गेलो.
एकानं सिग्नलला विचारलं, कुठल्या कंपनीची?
मी सांगायला तोंड उघडलं तर हिरवा पडला.
परतताना कॉइल जळली.
ढकलत आणली, रात्री साडेबारापर्यंत,
टाकी अजून कोमट होती.

कॉइल आता आम्हीच गुंडाळणार.
केसाहून बारीक तांब्याची तार,
माळ्यावर कांड्या भरायचं यंत्र आहे,
आई म्हणते तिचा हात अजून चालतो.

सकाळी शेडमध्ये कुंभारमाशी आलेली,
तोंडात ओल्या मातीचा गोळा.
कार्ब्युरेटरभोवती दोनदा फिरली.
बापानं खिशातून चिंधी काढली, तोंडात कोंबली,
आणि माशीकडे बघून, मोठ्यानं,
बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला,
आगु.