खोकला

जनकगंजातल्या वाचनालयात, जानेवारीच्या थंडीत,
जपानी सिनेमा लावला होता.
खाली इंग्रजी ओळी. भराभर वाचणार कोण?
म्हणून माइक माझ्या हातात.
मी बँकेतून निवृत्त. जपानशी संबंध
एका घड्याळापुरता, आणि तेही मागे पडतं.

गोष्ट अशी: गडाचा धनी
भाताचा गोळा घशात अडकून मेला,
वारस न नेमता.
थोरला पतंगांत रमलेला, धाकटा रखेलीचा, नऊ वर्षांचा.
दिवाणाने मढं चिकाआड बसवलं,
शेजारी हुजऱ्या कान्सुके.
एकदा खोकला तर हो,
दोनदा खोकला तर नाही.
तीन महिने राज्य असं चाललं
आणि (हे मी दोनदा वाचून खात्री केली)
पूर्वीपेक्षा बरं चाललं.

मी म्हणत गेलो गादी, दत्तक, मुखत्यार, शिक्का.
कुणी अर्थ विचारला नाही.
लष्करात हे शब्द अजून
वकिलाच्या पिशवीतून ये-जा करतात.

डावीकडे कोतवडेकरांची थोरली पाती, उजवीकडे धाकटी,
मध्ये वाट, वाटेत एकच हीटर.
खापरपणजोबांनी दत्तक घेतला त्या रात्री
ते जिवंत होते का, एवढाच वाद.
कागदावर अंगठा आहे.
अंगठ्यामागे माणूस होता की नव्हता
ते चौथी पिढी सिद्ध करते आहे.

तर दरबार भरला. दिवाणाने विचारलं,
"सरकार, गादी धाकट्याला?"
कान्सुकेचा घसा ऐन वेळी कोरडा.
पडद्यावर सामसूम. मीही गप्प.

आणि डावीकडून, मफलरीतून,
उदाजीराव खोकले.
एकदाच.

पलीकडून अक्कासाहेब, मान न वळवता:
"लिहून घ्या रे कुणीतरी. साक्षीदार आहेत."

सभागृह असं फुटलं की
चौकीदार काठी घेऊन आत आला.
उदाजीराव दुसरा खोकला काढायला बघत होते,
हसू आधी आलं.

मग अक्कासाहेबांनी बटव्यातून लवंग काढली,
हीटरवरून हात लांब केला.
त्यांनी ती घेतली, पडद्याच्या उजेडात धरली,
उलटसुलट पाहिली
(दाव्याचा विचार करता ते रास्तच)
आणि दाढेखाली ठेवली.

गडावर पुढे कोण बसलं विचारू नका.
त्या ओळी माझ्या वाचायच्या राहिल्या.
इकडची तारीख अठरा फेब्रुवारी,
दोन्ही वकील हजर राहतील.