बांबूच्या अलीकडं

आमच्या गावाची शीव म्हणजे एक बांबू.
एका टोकाला फुटक्या जात्याची तळी,
दुसऱ्या टोकाला दोरी,
दोरीच्या टोकाला मी.
सोडली की बांबू आपसूक वर जातो,
खाली ठेवायलाच ताकद लागते.
महिना चार हजार, एक बॅटरी, एक शिट्टी
आणि दोनशेपानी वही.

ठराव झाला येळवशीच्या दुसऱ्या दिवशी.
सरपंच यमुनाबाई बोड्डावार उभ्या राहून म्हणाल्या,
सून आणा तिकडून, तांदूळ आणा,
म्हशीला रेडा आणा,
कचरा आणू नका.
ग्रामसेवकानं ते शुद्ध करून लिहिलं:
परराज्यातील घनकचरा आयात करण्यास सक्त मनाई.
आयात हा शब्द गावात पहिल्यांदा आला,
तोही बाहेरूनच.

त्याआधी दोन वर्षं गाड्या रात्री यायच्या,
ताडपत्री ओढून, दिवे विझवून.
विचारलं तर, खत आहे, फुकट आहे.
फुकट म्हटल्यावर इरेश मामिडवारनं दोन एकरांत पसरलं.
पहिल्याच पाळीला वखराच्या पासेला गुंडाळून आल्या
पिशव्या, पट्ट्या, कुणाचं तरी गंगावन
आणि एक लग्नपत्रिका, तेलगूत.
वाचू शकणारी एकच, माझी बायको, माहेर बोधनकडचं.
तिनं नावं वाचली, तारीख वाचली,
पत्रिका धुऊन वाळत घातली.
फेकवेना, म्हणाली. हळद लागलेली आहे.

खदानीत पोरं सलाईनच्या बाटल्यांच्या पिचकाऱ्या करायची.
खदानीचं पाणी आधी हिरवं, मग चहासारखं,
मग त्याचा रंग सांगता येईना.

वहीत रकाने: गाडी नंबर, वेळ, माल, शेरा.
मालात काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही.
मी वासावरून लिहितो.
सतरा तारखेला: दवाखाना.
एकोणीसला: मटणाचं दुकान, वरून चपला.
बावीसला लच्चय्या नावाचा ड्रायव्हर खाली उतरला,
चेत्ता आहे, म्हणाला. लपवलं नाही.
बिडी दिली. शहराबाहेर जिथं आधी ओतायचो
तिथं माझ्याच भावाचं घर झालं.
पुढं सरकलो, तिथंही घरं झाली.
सरकत सरकत तुमच्यापर्यंत आलो.
आता तुम्ही सांगा.
मला सांगता आलं नाही.
गाडी लांब, रस्ता अरुंद, वळायला त्याला अर्धा तास लागला.
मी मागं उभा राहून बॅटरी दाखवत होतो.

आणि हे कालचं.
पहाटेचे साडेतीन. उजेड समोरून नाही, पाठीमागून.
ट्रॅक्टर. तालुक्याच्या नगरपालिकेची हिरवी ट्रॉली.
वर माझा आतेभाऊ हणमंतू.
उचल, म्हणाला.
काय आहे?
नाक नाही का तुला?
कुठं चाललास?
पलीकडं एक खड्डा आहे, त्यांच्या हद्दीत. आपलं काय जातंय?
आणायची मनाई आहे, न्यायची कुठंय? काढ वही.

मी काढली. पहिल्याच पानावर ठराव चिकटवलेला.
बॅटरीत दोनदा वाचला.
बरोबर होतं त्याचं.
दोरी तळहातावर पीळ घेत होती.
मी तिला दोन वेढे दिले आणि शिट्टी वाजवली,
इतकी, की कुत्रीसुद्धा गप्प झाली.

यमुनाबाई आल्या, डोक्यावर चादर, पायात नवऱ्याच्या चपला.
ऐकून घेतलं. माझाच पेन घेतला
आणि ग्रामसेवकाच्या शुद्ध ओळीखाली
मोठ्या अक्षरांत लिहिलं: नेऊ बी नये.
खाली सही.

हणमंतूनं चावी काढली आणि पायी गेला.
ट्रॉली तिथंच आहे.
सकाळी शाळेची पोरं नाक धरून भोवती फिरली.
पोरांनीच ओळखलं:
बुधवारच्या बाजाराची कोबी,
आपल्या खंडोबाच्या यात्रेचे द्रोण,
मामिडवारांच्या बारशाची फुगेमाळ.
तालुक्याहून कुणी येतो म्हणालेत.
दुपार झाली, माशा वाढल्या.

मी वही भरली.
नंबर लिहिला, वेळ लिहिली.
माल: आपला.
शेरा अजून मोकळा आहे.