एल आल्तोच्या धावपट्टीवर खडूची रेघ

पोरांनो, आधी कानटोप्या खाली ओढा.
पहाटेचे चार वाजलेत. इथली थंडी
विद्यापीठाचं ओळखपत्र बघून कुणाला सोडत नाही.
प्राध्यापक आपासाबाईंची चिठ्ठी आहे माझ्याकडे:
'सहा विद्यार्थी. धावपट्टी दाखवावी. काहीतरी सांगावं.'
काहीतरी म्हणजे काय, ते लिहायचं राहिलंय.

मी एउलोहिया तार्की.
पोरीच्या जातीनं खाली मान घालून चालावं, म्हणायचा बाप.
त्याचं तेवढं एकच ऐकलं.
एकतीस वर्षं ह्या चार किलोमीटरवर
खाली मान घालून चालतेय, त्याचाच पगार घेते.
बोल्ट सापडतात. टायरच्या चिंध्या, मेलेली टिटवी,
एकदा तर नवऱ्यामुलाचा एक बूट.
नवरा कुठे गेला, ते नाही कळलं.

इथली हवा, पाहुणे वाढले म्हणून
पाणी घालून पुरवलेल्या सुपासारखी.
पंखांना धरायला तिच्यात फारसं काही नाही,
म्हणून विमान खूप लांबवर पळतं,
म्हणून पट्टी लांब, म्हणून माझे गुडघे असे.

वैमानिक कुणाला व्हायचंय?
तीन हात. छान. दोघं अजून ठरवताहेत.
आणि तू रे, विल्मेर?
'हजेरीसाठी आलो.'
हसू नका त्याला. खोटं बोलणाऱ्याला
मी धावपट्टीवर पाऊलही ठेवू देत नाही.

ऐका. मी एकदाच विमानात बसले,
सांताक्रूसला, बहिणीच्या बाळंतपणाला.
शेजारचा माणूस इयिमानीचा बर्फ दाखवत होता,
मी खिडकीला नाक लावून माझी पट्टी शोधत होते.
वरून ती मापपट्टीएवढी दिसते.
तेवढ्या पट्टीवर दीडशे माणसं
रोज भरवसा ठेवतात, मला न विचारता.
त्या भरवशाचा अभ्यास करायला माणसं हवीत.
उंचावर ब्रेक किती तापतात, हे मोजणारी.
कचरा डेपोवरचे पक्षी सकाळी कुठल्या वाटेनं येतात,
ती वाट चालून पाहणारी.
माझ्या वहीत 'धुकं' एवढंच लिहिलंय. कसलं, किती, का,
ते तुमच्यातल्या कुणीतरी लिहा.

काय रे, खाली काय बसलास?

'हा तडा काल केवढा होता?'

मी तोंड उघडलं.
एकतीस वर्षांत असे तडे शेकड्यानं भरले,
शिव्या घातल्या, वहीत लिहिलं: तडा, दुरुस्त.
पण रात्रीच्या गोठणीनं तो किती वाढतो,
दुपारच्या उन्हानं किती मिटतो,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

खिशातला खडू दिला त्याला.
त्यानं तड्याच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या,
बाजूला वेळ लिहिली. हात कापत होता,
चारचा आकडा सातासारखा आला.

आमच्या आयमारा भाषेत, पोरांनो,
होऊन गेलेलं डोळ्यांपुढे असतं, कारण ते दिसतं.
उद्या पाठीमागे असतो.
विमानाला पाठीमागचा वारा सोसत नाही,
माणसाला मात्र त्याच्याशिवाय गत नाही.
तर मानेवर काही गार लागलं, तर दचकू नका.
जीपमध्ये बसा आता. मालवाहू विमान येतंय,
त्याचे दिवे बघा, आणि चाकं टेकतात तो आवाज ऐका.
तो आवाज नीट यावा, एवढ्यासाठीच हे सगळं.

*

आपासाबाई,
तुमच्या चिठ्ठीचं उत्तर द्यायला उशीर झाला.
सहा आले होते. पाच तुम्ही परत नेलेत.
सहावा आज चौथ्या पहाटे
मनोऱ्याची परवानगी काढून तड्यापाशी बसलाय.
ह्या वेळी हजेरी कुणी घेत नाही, सांगितलं त्याला.
अर्ध्या नखानं वाढलाय म्हणतो, तडा.
मी वहीत 'अर्धं नख' असं लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

खडू संपला. पाठवा,
दवात न विरघळणारा.
आणि वर्गात अजून कुणी
नुसतं हजेरीसाठी येत असेल,
तर तेही पाठवा.