भाजणी नाही घरात

मिलवॉकीत जुलैला तळ्यावरून वारा येतो.
तळं म्हणायचं आपलं, पैलतीर दिसत नाही ते.
काठावर सहा मांडव, सहा तऱ्हेची गाणी,
आणि मधल्या गवतावर उभं राहिलं
तर सगळी मिळून एकच, कुणाच्याच बापाची नसलेली.
मला तीच आवडते.

श्रीरंग म्हणतो, पुढे जाऊ, जागा धरू.
मी म्हणते, बस रे, इथेच पसर.
चपला काढल्या. गवत ओलं लागलं,
कुणाची तरी बियर सांडलेली असणार.
शेजारच्या चादरीवर एक म्हातारे गृहस्थ,
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं,
तळवा जमिनीवर टेकवून
ढोल ऐकत होते.

साडेपाचला तिसऱ्या मांडवातली वीज गेली.
गिटार मुकी. गाणारीचे ओठ हलत राहिले नुसते.
मग मागच्या रांगेतला ट्रॉम्बोनवाला,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला,
पायऱ्या उतरून सरळ आमच्यात आला
आणि वाजवत सुटला.
कुठे चाललोय हे त्यालाही ठाऊक नसावं.
एकदा तर चुकलाच, चांगला खणखणीत चुकला,
थांबला, हसला,
आणि तीच चूक पुन्हा वाजवली, मुद्दाम, दोनदा,
इतक्या मायेनं की आम्ही माना डोलावल्या.
माझ्या हातात भाजलेलं कणीस, लोणी कोपरापर्यंत.
टाळ्या वाजवता येईनात
म्हणून ओरडले.
किती वर्षांनी ओरडले असेन.

घरी आलो तेव्हा मान उन्हानं लाल, भूक कडकडून,
आणि फ्रिजमध्ये उजेड तेवढा भरपूर.
वांडाबाईंनी कुंपणावरून दिलेली झुकिनी,
एवढी मोठी की पाळण्यात घालावी.
कोथिंबिरीच्या काड्या. अर्धा कांदा, कालचा.
थालीपीठ लाव ना, श्रीरंग म्हणाला,
जसं काही भाजणी घरात आहे.
भाजणी मार्चमध्येच संपली.
डबा मात्र मी अजून धुतलेला नाही,
उघडला की धन्याचा वास येतो.

मग मक्याचं पीठ घेतलं. ओट्स मिक्सरमधून काढले.
बेसन, पिशवी झटकून निघेल तेवढं.
झुकिनी किसली, पाणी सुटलं, सुटू दे,
त्याच पाण्यात मळलं.
तीळ, तिखट, आणि डब्याच्या कडेला चिकटलेली
चिमूटभर जुनी भाजणी,
विरजण लावतात तशी.
आईला फोन केला असता तर म्हणाली असती,
याला थालीपीठ म्हणू नकोस.
नाही म्हणत.

पहिलं तव्यावरच मोडलं.
दुसरं उलटताना, श्रीरंगच्या हातून.
इथे मला ट्रॉम्बोनवाला आठवला असं लिहिणार होते,
पण खरं सांगायचं तर नाही आठवला.
भूक लागली होती फक्त,
आणि मोडलेल्या तुकड्यांच्या कडा
अशा कुरकुरीत झाल्या होत्या
की तिसरं आम्ही आपणहून मोडलं.

वासाच्या मागावर वांडाबाई आल्या, मागच्या जिन्यानं,
हातात आंबट सायीचा वाडगा, वर चिरलेला शेपू.
शेपू! लहानपणीचा माझा वैरी,
आणि इथे चौथ्या तुकड्यापर्यंत
मी तो वाडग्यातून वेचून खात होते.
याला म्हणतात काय, त्यांनी विचारलं.
अजून ठरलं नाही, मी म्हटलं.
आणि हे मधे भोक कशाला?
मी तेलाचं सांगणार, तेवढ्यात श्रीरंग म्हणाला,
वारा जायला.
त्यांनी ते गंभीरपणे मान्य केलं.

ताटल्या मांडीवर, आम्ही तिघं पायऱ्यांवर.
दहा वाजले तरी आकाश पुरतं विझलं नव्हतं.
तळ्याकडचा वारा फिरला
की शेवटच्या मांडवातला ढोल ऐकू यायचा,
तुकड्या-तुकड्यांनी,
नाही फिरला की वांडाबाईंचं चावणं.
मी तळवा पायरीवर टेकवून पाहिला.
लाकूड अजून कोमट होतं.

झुकिनी अर्धी उरली आहे.