चालवून घेणं

चौकशीला ब्यूनोस आयर्सहून आलेला माणूस
बुटांतली वाळू झटकत म्हणाला,
"कारण एकच लिहायचं असतं, बाई. या ओळीत."
ओळ माझ्या करंगळीएवढी होती.

एकतीस वर्षं मी या हँगरमध्ये मेकॅनिक.
चुबुतच्या या पठारावर वारा झाडांना उभं राहू देत नाही,
विमानं आम्ही दोरखंडांनी जमिनीला बांधून ठेवतो,
गुरांसारखी.
त्याला कॉफी दिली, म्हटलं, लिहा.

लिहा, टाकीतलं पाणी.
रात्रीच्या गारठ्यात टाकीला आतून दव सुटतं,
पेट्रोलच्या तळाशी जाऊन गुपचूप बसतं.
पहाटे काचेच्या बाटलीत काढून उजेडाला धरायचं असतं.
बेर्नार्दोनं एक दिवस धरलं नाही,
बोटं बधिर झाली होती म्हणून.

लिहा, घशातला बर्फ.
बाहेर छान ऊन, हवा जराशी ओलसर,
आणि कार्ब्युरेटर आतल्या आत गोठत जातो.
इंजिन ओरडत नाही. रुसल्यासारखं नुसतं मंदावतं.
"गरम हवेचा दांडा ओढायचा ना!"
असं नंतर खाली उभे असलेले सगळे म्हणतात.

लिहा, मेव्हणा.
मेव्हणा, त्याची बॅटरी, अर्धी मेंढी, वाइनचे दोन खोके.
मेव्हण्याला वजन कसं विचारायचं?
उन्हाळ्यात, दुपारी, आखूड पट्टीवरून?

लिहा, उतरतानाचं शेवटचं वळण.
वारा पट्टीच्या पलीकडे ढकलतो,
माणूस वळण आवळत जातो,
जमीन अंगावर येते म्हणून नाक वर ओढतो
आणि ओढतो म्हणूनच पडतो.

त्यानं पेन खाली ठेवलं.
"मी इफोर ट्रेहार्नबद्दल विचारतोय."

इफोरच्या टाकीत पाणी नव्हतं.
बाटली मी धरली होती उजेडाला.
पेट्रोल लाकडी पट्टीनं मोजलेलं, काट्यावर विसंबून नाही.
वजन बेताचं: तो, आणि मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला
तीन मजली केक.
आयलेन त्या संध्याकाळी पंधरा वर्षांची होणार होती.
इंजिन माझ्या हातचं. डोंगराला लागेपर्यंत
एकदाही अडखळलं नाही.

पश्चिमेला ढग गुडघे टेकून बसले होते.
मी म्हणाले, थांब, उद्या जा.
ढगात शिरलं की वर कुठे, खाली कुठे, पोटाला कळत नाही,
तुझ्याकडे त्याचं शिक्षण नाही, यंत्रंही नाहीत.
तो हसला. म्हणाला, "चालवून घेतो."

फुटका आरसा चालवून घेतो आपण,
गळका नळ, दारू पिणारा भाऊ,
आणि काही होत नाही, वर्षानुवर्षं काही होत नाही,
म्हणून वाटतं, येतं आपल्याला चालवता.

किल्ली माझ्या खिशात होती.
तेही लिहा, म्हटलं.
खिशात होती, आणि मी दिली.

त्यानं लिहिलं: हवामान.
ओळीत बसलं.

आयलेन आता एकोणीसची. मंगळवारी आणि शनिवारी येते,
माझ्याशी फारशी बोलत नाही.
आज तिनं बाटली उजेडाला धरली,
पट्टी बुडवून पाहिली, टाकीचं झाकण दोनदा आवळलं,
सीट खाचेत बसली का ते हिसका देऊन पाहिलं.
मग पंखाखाली उभी राहून पश्चिमेकडे बघत राहिली.
खूप वेळ.
आत आली. किल्ली टेबलावर ठेवली.
"आज नको," म्हणाली,
आणि पायरीवर बसून लोण्याबरोबर पाव खाऊ लागली.

मी दोरखंड पुन्हा बांधले.
नोंदवहीत लिहिण्यासारखं काहीच नव्हतं,
कुठून, कुठे, किती तास, सगळे रकाने कोरे.
तरी मी तारीख घातली.