मोजणी

रिक्षावाला विचारतो, कुठं सोडू?
सेटलमेंट, म्हणतो मी.
बोलताना जिभेला तार लागत नाही आता.

भीमव्वाला लागायची.
तिच्या काळी तारेच्या आत तीन हजेऱ्या :
भोंग्याआधी, मिलमधून परतल्यावर,
आणि मध्यरात्री, तोंडावर कंदील धरून.
गुन्हा विचारला तर बापाचं नाव सांगायचं.
रविवारी पेटीवर पश्चात्ताप शिकवायचे.
सूर चांगला होता, म्हणायची, खोटं कशाला बोलू.

पण टोपली विणतानाचं गाणं आमचं :
एक वर, दोन खाली,
तीन वर, चार खाली,
काठाला आली गं, पाच वर...
सहावी कामटी कुणी वाकवायची
ते गाण्यात नव्हतं, डोळ्यांत होतं.

ज्या रात्री तिरमल तारेखालून गेला
त्या रात्री बाया पाचाला थांबल्या
आणि सातापासून पुढं गेल्या.
चाळभर कळलं. पहाटे त्याच्या जागी
कुणी खोकलं, कुणी 'हाजर' म्हटलं,
मोजणाऱ्याची बेरीज बरोबर आली.
महिन्यानं मोठा साहेब पाहणीला आला.
बायांनी तेच गाणं त्याला म्हणून दाखवलं,
सहा गाळून.
त्यानं टाळ्या वाजवल्या. एकेकीला गुळाचा खडा.

मग गाणं भाकरीच्या फडक्यातून मिलमध्ये गेलं.
साच्यांच्या खडखडाटात तेलुगू विणकरांनी उचललं,
अर्थ न विचारता; ताल धाग्याचाच होता.
पुढं 'तार काढा' म्हणत मोर्चा निघाला
तेव्हा हलगीवर हेच : पाच. सात. पाच. सात.
मधल्या रिकाम्या जागी लोक पाय आपटायचे.
शहराला वाटलं, नवी चाल आहे.

तार निघाली. भंगारवाल्यानं वजन केलं.
दुसऱ्या पहाटे निम्मी वस्ती
सवयीनं रांगेत उभी.
कुणी हसलं नाही.

तिरमल काही आला नाही.
भीमव्वा मरेपर्यंत पाचानंतर सात मोजायची;
मंगळवारच्या बाजारातून बारा अंडी म्हणून
अकरा आणायची, पैसे बाराचे देऊन.
सांगायला गेलं की म्हणायची, असू दे बे.

परवा शिरगणतीवाली पोरगी दारात आली.
घरात माणसं किती?
मी बोटांवर मोजून सांगितलं.
आतून बायको ओरडली, अवो, सहाच की आपण!
तोवर तिनं सात लिहिलं होतं.
पेनानं.