सतरा वर्षांचा फरक

फिनलंडच्या पूर्व टोकाला, मार्चमध्ये,
बर्फ अजून दोन हात जाड असतो
तेव्हा तळ्याला भोक पाडतात.
आर्वो पाडतो. मासे धरायला शिकला
तेव्हापासून याच कामावर हात बसलाय त्याचा.
मग नळी सोडतात खाली, आणखी खाली,
जिथे उजेडाचं काही चालत नाही,
आणि चिखल वर येतो:
नऊ हजार वर्षं, पदराला पदर लागून.

हिल्का मोजते.
फिकी रेघ म्हणजे वितळत्या पाण्यानं आणलेली माती.
काळी रेघ म्हणजे बर्फाखाली मुकाट बसलेलं सगळं.
एक फिकी, एक काळी, झालं वर्ष.
कुणाचं लग्न, कुणाची गाय बुडाली,
उपासमार, सैन्य, देवीची साथ,
सगळं मिळून अर्धा मिलिमीटर.
तिच्या जन्माचं साल तर केसाहून बारीक.
त्यावर सुई टेकवून एकदा हसली होती ती.
बर्फ कमी पडला असावा, एवढंच म्हणाली.

तिचा आकडा येतो नऊ हजार चारशे एकतीस.
ताउनोचा, तोच चिखल, तेच भिंग,
नऊ हजार चारशे चौदा.
ताउनो आता नाही. वही आहे.
पेन्सिलीच्या खुणा, दर शंभराला एक फुली,
आणि एका पानावर कॉफीच्या कपाचा गोल
जो कुठल्याच मोजणीत धरलेला नाही.

सतरा वर्षं.
गेली कुठं? की नव्हतीच?
एखाद्या अळीनं उकरलं असेल,
एखादा उन्हाळा आलाच नसेल,
किंवा एकाच वर्षात दोनदा येऊन गेला असेल,
किंवा ताउनोला कुणी दारातून हाक मारली असेल
आणि परत भिंगाला डोळा लावताना
तो एक रेघ पुढे सरकून बसला असेल.
असं सतरा वेळा.
हिल्कानं चार हिवाळे शोधलं.
आता अहवालात लिहिते, अधिक-उणे सतरा,
आणि त्या एवढ्याशा चिन्हात
एक मूल जन्मतं, वाढतं,
दाढी करायच्या वयाला येतं.

आर्वो विचारतो, तळं व्हायच्या आधी इथे काय होतं?
बर्फ.
आणि त्याच्या आधी?
ते बर्फानं खरवडून नेलं.
म्हणजे काही नव्हतं?
होतं रे. वाचता येत नाही.
तो मान डोलावतो, गळाला किडा लावतो.

माझ्या भाषेत परवा हा शब्द
दोन्ही अंगांना चालतो,
गेलेल्या दिवसाला आणि यायच्यालाही.
क्रियापद शेवटी येतं,
तोवर कळत नाही
पाहुणा येऊन गेलाय की यायचाय.
मी हे हिल्काला सांगितलं.
तिनं हातमोजा काढला, बोटं फुंकली,
आणि म्हणाली, वाक्य लांबलं तर?

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

नळीच्या अगदी वरच्या टोकाला
चिखल नसतो, नुसतं गढूळ पाणी.
हे यंदाचं, ती सांगते, अजून बसलं नाही.
मागचा ऑक्टोबर, आपण इथे आलो तो आठवडा,
आर्वोच्या बहिणीचा घटस्फोट,
सगळं तरंगतंय त्यात, फिकं की काळं ते ठरायचंय.
हे मोजत नाहीत.
नळी किंचित तिरपी करून
ती ते बर्फावर सांडते,
आणि तिच्या बुटांपाशी
एक राखाडी डाग गोठून राहतो.

तेवढ्यात आर्वोच्या गळाला मासा लागला.
हातभरही नव्हता. त्यानं काढला, बघितला,
त्याच भोकातून परत सोडला.
खाली जाताना त्याच्या शेपटीनं
काय काय ढवळलं
ते कुणाला दिसलं नाही.